पोरींनाही हरू द्या

२३ जुलै २०१७. रविवार होता आणि दिव्यांची अवस. आमच्याकडे परंड्यात त्या दिवशी घरातले झाडून सगळे दिवे माळ्यावरून खाली उतरतात. समया, निरांजनं, आजेसासऱ्यांच्या वेळचा कंदीलसुद्धा. चिंच लावून घासायचे, पाटावर मांडायचे, तिन्हीसांजेला पूजा आणि कणकेच्या दिव्यांचा नैवेद्य. दुसऱ्या दिवसापासून श्रावण, आणि तोही सोमवारीच सुरू होणारा. म्हणजे बाईला टेकायलासुद्धा फुरसत नसावी असा दिवस. आणि मी मात्र दुपारी तीनपासून टीव्हीसमोर ठाण मांडून बसले होते!

लॉर्ड्सवर महिलांच्या वर्ल्डकपची फायनल होती. भारत विरुद्ध इंग्लंड. खरं सांगते मैत्रिणींनो, त्याआधी बायकांची मॅच मी कधी अशी बसून पाहिली नव्हती. पण गुरुवारी हरमनप्रीत कौरने ऑस्ट्रेलियाला धू धू धुतलं. ११५ चेंडूंत नाबाद १७१! दुसऱ्या दिवशी आमच्या गल्लीतली पोरं क्रिकेट खेळताना स्वतःला ‘हरमन’ म्हणवून घेत होती. पोरं, बरं का, पोरी नव्हे. ते ऐकून माझ्या मनात काहीतरी हललं. ठरवलं, रविवारी काही झालं तरी बघायचंच.

दिवे घासता घासता इंग्लंडची बॅटिंग पाहिली. झुलन गोस्वामीने २३ धावांत तीन गडी टिपले आणि इंग्लंड २२८ वर थांबलं. संध्याकाळी आपल्या पोरी बॅटिंगला उतरल्या तेव्हा मी दिव्यांना हळदकुंकू वाहत होते. आणि आपली सांगलीची स्मृती मानधना शून्यावर बोल्ड! माझ्या हातातली कुंकवाची कोयरीच सांडली. मग मुंबईची पूनम राऊत उभी राहिली. ड्रायव्हरची मुलगी, चाळीत वाढलेली. हरमनप्रीतच्या जोडीने तिने डाव असा सावरला, की शेजारच्या दोघी-तिघी नैवेद्याचं ताट झाकून आमच्याकडे येऊन बसल्या. सासूबाईंनी विचारलं, “ही रावताची कुठली म्हणायची?” मी सांगितलं, “आपलीच आहे, मुंबईची.” तेवढं पुरलं. त्या माळ घेऊन बसल्या.

तीन बाद १९१. जिंकायला ३८ धावा हव्या होत्या आणि सात गडी हातात होते. आमच्यातली एकजण पेढे आणायला पोराला पाठवायच्या बेतात होती. तेवढ्यात पूनम ८६ वर पायचीत झाली. आणि मग काय झालं ते तुम्हाला ठाऊकच आहे. सुषमा वर्मा गेली, वेदा गेली, झुलन भोपळाही न फोडता गेली. श्रबसोल नावाच्या त्या गोलंदाज बाईने एकटीने सहा गडी घेतले. शेवटचे सात गडी २८ धावांत! आपण २१९ वर संपलो. नऊ धावांनी हरलो.

टीव्हीवर आपल्या पोरींचे चेहरे दाखवत होते आणि इकडे माझे डोळे वाहत होते. शेजारणी गुपचूप उठून गेल्या. दुकान बंद करून आलेल्या आमच्या ह्यांनी विचारलं, “काय झालं? कुणाचा फोन आला का?” मी म्हटलं, “हरलो.” हे हसले. “अगं मॅच आहे ती. आज हरतात, उद्या जिंकतात. ताट वाढ.”

ह्यांचं काही चुकलं नव्हतं. २००३ ला पुरुषांचा संघ फायनल हरला तेव्हा ह्यांनी दोन दिवस नीट जेवण केलं नव्हतं, ही गोष्ट वेगळी! पण मला बोलताच येईना. कधीही न भेटलेल्या अकरा पोरींसाठी मला एवढं का भरून यावं?

उत्तर सासूबाईंनी दिलं. त्यांना क्रिकेटमधलं ओ की ठो कळत नव्हतं. माळ खाली ठेवून त्यांनी हळूच विचारलं, “आता ह्या पोरींचं खेळणं बंद करतेत का काय गं?”

मी चमकले. पुरुषांचा संघ हरल्यावर आपण काय म्हणतो? कॅप्टन बदला, कोच बदला, अमक्याला काढा. खेळणंच बंद होईल असं कुणाच्या स्वप्नातही येत नाही. पण सत्तरी ओलांडलेल्या त्या बाईच्या मनात पहिला प्रश्न हाच आला. कारण त्यांनी आयुष्यभर हेच पाहिलं होतं. आणि मीसुद्धा.

नववीत असताना मी शाळेच्या खो-खोच्या संघात होते. तालुक्यात पहिल्या येऊन आम्ही जिल्ह्याला, उस्मानाबादला गेलो. एस.टी.ने, भाकरी-चटणी बांधून. शेवटच्या डावात एक गडी मारला की आमची बरोबरी होणार होती. माझ्या पाठीमागून धावणारी पोर मला खो देणार, इतक्यात मी उठले. खो मिळायच्या आधीच. फाऊल! त्या गडबडीत समोरची निसटली, वेळ संपली. आम्ही एका गुणाने हरलो.

रात्री घरी पोचले तर दारातच आवाज आला, “आलात का हरून? झालं मग. हौस फिटली.” कुणी मारलं नाही, कुणी रागावलं नाही. दुसऱ्या दिवसापासून संध्याकाळी मला ग्राउंडवर जायला कुणी सांगितलं नाही, एवढंच. पाणी भरायला सांगितलं.

त्याच वर्षी माझा भाऊ दहावीला गणितात नापास झाला. आई म्हणाली, “असू दे, ऑक्टोबरला बसंल.” तो ऑक्टोबरला बसला, तेव्हाही राहिला. मग मार्चला बसला आणि सुटला. आज चांगला कमावता आहे. मला त्याचा हेवा वाटत नाही. पण त्याला तीन संधी मिळाल्या आणि मला त्या फाऊलची भरपाई करायला पुढचा एक सामनासुद्धा मिळाला नाही, हे मी विसरू शकलेले नाही. २३ जुलैच्या रात्री मी पूनमसाठी रडत होते की त्या नववीतल्या पोरीसाठी, कोण जाणे!

आपल्याकडे पोरींना जिंकायला बंदी नाही हो. जिंकलेल्या पोरीची मिरवणूक निघते, फ्लेक्स लागतात, फेटे बांधतात. पण तिने पहिल्याच फटक्यात जिंकलं पाहिजे, अशी अट असते. मुलगा हरला की ‘अनुभव आला’, मुलगी हरली की ‘हौस फिटली’. मुलीची बारावी गेली की स्थळं बघायला सुरुवात. सुनेने टाकलेलं शिवणाचं दुकान सहा महिने चाललं नाही की “आम्ही सांगतच होतो”.

आणि हे फक्त पुरुषच करतात असं नाही. माझीच गोष्ट सांगते. मी बचत गटांचं काम करते. काही वर्षांपूर्वी आमच्या एका गटाने उडदाचे पापड केले. पहिल्याच वर्षी अवकाळी पाऊस आला, माल सादळला आणि बार्शीच्या व्यापाऱ्याने परत पाठवला. आठ हजारांचा फटका. बायका रडकुंडीला आल्या. तेव्हा मी काय म्हटलं असेल? “जाऊ द्या बायांनो, आपलं काम नाही ते.” मी म्हटलं हे! त्यांच्या घरचे पुरुष जे बोलणार होते ते मीच आधी बोलून मोकळी झाले. गट पुन्हा शेवया-पापडाच्या वाटेला गेला नाही. माल हवाबंद पिशव्यांत भरायला शिकायचं आणि पुढच्या उन्हाळ्यात परत करून बघायचं, हे मला सुचू नये? आजही त्यातल्या एखादीला बाजारात पापडाची पाकिटं विकत घेताना पाहिलं की मला ओशाळल्यासारखं होतं.

म्हणूनच लॉर्ड्सच्या त्या हरण्यानंतर काय झालं, ते नीट बघण्यासारखं आहे. सासूबाईंना वाटलं तसं खेळणं बंद झालं नाही. हरून आलेल्या पोरींचं मुंबईच्या विमानतळावर लोकांनी स्वागत केलं. ८ मार्च २०२० ला, ऐन महिला दिनी, मेलबर्नला टी-ट्वेंटीच्या फायनलमध्ये आपण पुन्हा हरलो, तेही ८५ धावांनी आणि ८६ हजार लोकांसमोर. सोळा वर्षांची शफाली वर्मा तेव्हा मैदानात रडताना सगळ्या जगाने पाहिली. तरी खेळणं बंद झालं नाही. २०२२ मध्ये मंडळाने पुरुष आणि महिला खेळाडूंना मॅचचं मानधन सारखं देण्याचं जाहीर केलं. २०२३ पासून मुलींची स्वतःची लीग सुरू झाली. हरण्याचं प्रगतिपुस्तक एवढं भरल्यावरही त्यांना पुढच्या वर्गात बसू दिलं गेलं.

आणि मग २०२५. त्या सप्टेंबरात सीना नदीच्या पुराने आमच्या परंडा तालुक्याची दैना केली. सोयाबीन गेलं, जनावरं गेली, कुणाकुणाच्या शेतातली मातीसुद्धा वाहून गेली. दिवाळी कशीबशी झाली. त्या दिवसांत भारतातच महिलांचा वर्ल्डकप सुरू होता आणि आपल्या पोरी ओळीने तीन मॅच हरल्या. इंदूरला तर इंग्लंडकडून फक्त चार धावांनी. स्मृती ८८ वर बाद झाली आणि पुन्हा तेच, हातातली मॅच निसटली. मला वाटलं, झालं, पुन्हा लॉर्ड्स.

पण नाही. त्या उठल्या. २ नोव्हेंबर, कार्तिकी एकादशीचा दिवस. दक्षिण आफ्रिकेला ५२ धावांनी हरवून नवी मुंबईत आपल्या पोरींनी वर्ल्डकप जिंकला. मेलबर्नला रडलेल्या शफालीने ८७ धावा केल्या. दीप्ती शर्माने अर्धशतक ठोकलं, वर पाच गडी घेतले. शेवटचा झेल हरमनप्रीतने धावत जाऊन पकडला. हरमनप्रीत, स्मृती, दीप्ती. तिघीही २०१७ च्या त्या हरलेल्या अकरा जणींत होत्या. मध्यरात्र उलटून गेली होती, पोटात साबुदाणा होता आणि मी पुन्हा रडत होते. ह्यांनी या वेळी काही विचारलं नाही. तेही डोळे पुसत होते! सासूबाई मात्र हे बघायला नव्हत्या. त्यांच्या प्रश्नाचं उत्तर द्यायला आठ वर्षं लागली.

पण मैत्रिणींनो, इथे एक गोष्ट सांगायलाच हवी. नाहीतर तुम्ही म्हणाल, शेवटी जिंकल्या म्हणून हिला हरण्याचं कौतुक. तसं नाही. पूनम राऊत त्या जिंकणाऱ्या संघात नव्हती. मिताली राज आणि झुलन २०२२ मध्येच निवृत्त झाल्या. त्या रात्री हरमनप्रीतने त्या दोघींच्या हातात कप दिला खरा, पण खेळाडू म्हणून तो त्यांच्या वाट्याला आला नाही तो नाहीच. म्हणून काय पूनमच्या ८६ धावा वाया गेल्या? प्रत्येक हरणाऱ्या पोरीला पुढे कप मिळेलच असं नाही. तिला पुढची मॅच तरी मिळावी, एवढंच माझं मागणं आहे.

लांब कशाला, आपल्याच जिल्ह्याची सारिका काळे बघा. खो-खोच खेळली. २०१६ च्या दक्षिण आशियाई स्पर्धेत भारताची कॅप्टन होती, २०२० मध्ये तिला अर्जुन पुरस्कार मिळाला. त्या वाटेवर ती कधीच हरली नसेल असं वाटतं का तुम्हाला? हरली असेलच. पण हरून आल्यावर तिचं ग्राउंड सुटलं नाही.

मागे आमच्या गल्लीतली नववीतली एक पोर जिल्ह्याला खो-खो हरून आली. तिच्या वडिलांनी बूट उचलून माळ्यावर टाकल्याचं कळलं, तशी मी त्यांच्या घरी गेले. चहा झाला. ते म्हणाले, “ताई, दहावी आहे पुढच्या वर्षी. आणि हरलीच की.” मी म्हटलं, “भाऊ, मीसुद्धा हरले होते. मला कुणी परत जाऊ दिलं नाही. ते अजून बोचतंय मला.” ते काही बोलले नाहीत. “बघू,” म्हणाले. पोरगी दाराआडून ऐकत होती. बूट अजून माळ्यावरच आहेत, पण मीही दर आठ दिवसांनी चहाला जातेच आहे.

तुमच्याही घरी, शेजारी अशी एखादी असेल. धावण्यात मागे पडलेली, स्पर्धा परीक्षेत दोन मार्कांनी राहिलेली, पहिला धंदा बुडालेली. ती हरून दारात आली की “झालं ना आता” म्हणू नका. हातपाय धुऊ द्या, गरम भाकरी वाढा, रडायचं असेल तर रडू द्या. आणि झोपायच्या आधी तिला एवढंच विचारा, “उद्या प्रॅक्टिस किती वाजता आहे?”