जीपची उंची आणि चासीची चीर

वाचकहो, मराठी व्याकरण शिकविण्यात आयुष्य घालविलेला माणूस जीपच्या पोटाखाली गोणपाट अंथरून निजला, हे वाचून आपणांस हसू येईल. परंतु आमच्या खानापूर तालुक्यात हा प्रसंग कोणावर केव्हा ओढवेल, याचा नेम नाही. जांबोटीच्या पुढे कणकुंबीच्या अंगाला निघाले, की पावसाळ्यात तांबड्या चिखलाचे राज्य सुरू होते, आणि आडबाजूच्या वाड्यांना बाजार, दवाखाना व शाळा यांच्याशी जोडणारा दुवा म्हणजे कोणाची तरी जुनी जीप. माझ्या थोरल्या बहिणीच्या घरी अशी एक जीप आहे. दाजींनी ती फार वर्षांपूर्वी सरकारी लिलावात घेतली होती. त्यांच्या पश्चात ती भाच्याकडे आली. तिने किती अडलेल्या बाळंतिणी आणि किती सर्पदंशाचे रोगी बेळगावास पोहोचविले, याचा हिशेब कोणी ठेवलेला नाही.

भाचा तिशीतला आहे. ‘रेनफॉरेस्ट चॅलेंज’ नावाच्या चिखलातल्या मोटारस्पर्धेची भारतीय आवृत्ती २०१४ साली गोव्यात प्रथम भरली, आणि तेव्हापासून घाटाच्या या बाजूच्या तरुणांना उंच जीपचे वेड लागले, असे माझे निरीक्षण आहे. भाच्यालाही ते लागले. गतवर्षी, मला न विचारता (विचारावे असे माझे त्या विषयातले ज्ञान नव्हतेच), त्याने शहरातल्या एका कारखान्यात जीप नेऊन पुढच्या बाजूला लांब शॅकल बसवून घेतले.

येथे थोडे समजावून सांगणे भाग आहे. जुन्या विलीज घडणीच्या जीपचा सगळा भार पोलादी पाट्यांच्या जुडग्यांवर असतो. एकावर एक रचलेले हे पाटे कमानीसारखे वाकविलेले असतात. पुढच्या जुडग्याचे मागचे टोक चासीला, म्हणजे गाडीच्या लोखंडी सांगाड्याला, एका खिळीवर कायम जखडलेले असते. पुढचे टोक मात्र शॅकल नावाच्या झुलत्या कडीत अडकविलेले असते. कारण चाक वर उचलले गेले की कमान सपाट होऊन लांबते, आणि त्या लांबीला कोठे तरी जागा हवी. ही कडी चार इंच लांब केली, तर गाडी चार नव्हे, निम्मी म्हणजे सुमारे दोन इंच उचलली जाते. स्वस्तात उंची मिळाली, म्हणून भाचा खूश होता.

त्या उंच जीपमधून मी एकदाच बसून गेलो. श्रावणात चोर्ला घाटाच्या रस्त्याने आम्ही उतरत होतो. मागे शेजारची एक म्हातारी होती, तिला डोळ्यांच्या दवाखान्यात न्यायचे होते. सरळ रस्त्यावरही भाचा सारखे सुकाणू डावीकडे-उजवीकडे करीत होता. एका वळणावर डावे चाक खड्ड्यात आदळले आणि जीपने आपण होऊन तोंड फिरविले. समोरून येणारा दुचाकीस्वार हातभर अंतराने वाचला. भाचा काही बोलला नाही; पण उरलेला घाट त्याने पहिल्या-दुसऱ्या गियरवर उतरविला, आणि परतल्यावर आम्ही दोघे खानापुरातल्या एका वृद्ध मिस्त्रींकडे गेलो.

मिस्त्रींनी गाडी पाहिली आणि मला विचारले, “गुरुजी, सायकलचा पुढचा चिमटा सरळ उभा केला, तर हात सोडून चालविता येईल काय?” मी नाही म्हणालो. “हेच झाले आहे,” ते म्हणाले. पुढची चाके ज्या खिळीवर वळतात, ती किंचित मागे कललेली असते. विलीजच्या घडणीत हा कल सुमारे तीन अंशांचा. त्याच्याच बळावर वळण संपल्यावर चाके आपोआप सरळ होतात. पुढची कडी लांबविली की पाट्याचे पुढचे टोक खाली येते, त्याबरोबर सारा आस पुढे झुकतो आणि तो मोलाचा कल नाहीसा होतो. गाडी मग रस्ता हुंगत चालल्यासारखी भरकटते.

यावर उपाय म्हणून पाटा व आस यांमध्ये उतरत्या जाडीची पोलादी पाचर घालतात. ‘पाचर मारणे’ हा वाक्प्रचार मी पस्तीस वर्षे वर्गात शिकविला; उपकारक पाचर मला प्रथमच दिसली. मात्र तिलाही किंमत आहे. खिळी मागे कलविली, की त्याच आसाला जडलेले डिफरन्शियलचे तोंड खाली वळते आणि पुढच्या प्रोपेलर शाफ्टचा सांधा तिरका होऊन झिजू लागतो. एक कोन सावरावा, तर दुसरा बिघडतो.

भाच्याचा उत्साह एवढ्याने ओसरला नाही. “मामा, मग शॅकल काढू, आणि पाटे आसाच्या खालून काढून वर बसवू. पाच इंच उंची मिळेल,” असे त्याने सुचविले. स्पर्धेच्या जीपगाड्यांत हे करतात, हे खरे. पाटे वर गेल्याने आसाखाली लोंबणारे यू-बोल्ट दगडांना अडखळत नाहीत, हाही एक लाभ आहे. पण मिस्त्रींनी जमिनीवर उकिडवे बसून डिफरन्शियलच्या गोळ्याखाली मूठ धरली आणि विचारले, “पाच इंच चढवा, की दहा. हा गोळा किती उचलेल?” भाचा गप्प झाला. उत्तर शून्य असेच आहे. गोळा चाकांच्या आसात आहे, म्हणून तो फक्त मोठ्या टायरने उचलला जातो. टायरचा व्यास दोन इंच वाढला, तर गोळा एक इंच वर येतो. पाट्यांनी उचलले जाते ते धूड, आणि धुडाबरोबर गुरुत्वमध्य.

घरी येऊन मी कागद-पेन्सिल घेतली. दोन चाकांमधले अंतर सुमारे चार फूट, म्हणजे मध्यापासून चाकापर्यंत २४ इंच. गुरुत्वमध्य समजा तेवढ्याच, २४ इंच उंचीवर असेल, तर स्थिर उभी गाडी ४५ अंशांच्या उतारावर कलंडेल. तो चार इंच वर गेला, तर ४०-४१ अंशांतच. चालती गाडी, खड्डा आणि मागे बसलेली सहा माणसे हिशेबात घेतली, की हाती फारच थोडे उरते. शिवाय सुकाणूचे दांडे तिरपे होतात, ते निराळेच: चाक वरखाली झाले की तिरपा दांडा त्याला ओढतो, आणि चालकाने हात न हलविताही गाडी वळते. ब्रेकच्या रबरी नळ्या अपुऱ्या पडतात. जोर लावताना आस पाट्यांसकट पिळवटतो. स्पर्धावाले यांतील प्रत्येकावर स्वतंत्र इलाज करतात, खर्च करतात, आणि त्यांच्यापैकी कित्येक जण आपली गाडी दुसऱ्या वाहनावर लादून नेतात. तिच्यात म्हातारी बसत नाही.

खरी गोष्ट मात्र पुढेच होती. मिस्त्रींनी चासीचा पुढचा डावा भाग, जेथे सुकाणूची पेटी बसते तेथला, तारेच्या ब्रशने घासून लख्ख केला, त्यावर रॉकेल चोळले, पुसले, आणि माझ्याकडे हात पसरून म्हणाले, “खडू आहे काय?” मास्तराच्या खिशात खडू नसेल तर कोणाच्या! त्यांनी तो कुटून त्या जागी भुकटी माखली. चार-पाच मिनिटांत पांढऱ्यावर एक काळसर ओली रेघ उमटली. फटीत शिरलेले रॉकेल बाहेर झिरपत होते. खालच्या काठापासून निघालेली ती चीर बोटभर वर चढली होती. दाजींच्या हयातीत दिलेल्या रंगाच्या थरांखाली ती कधीपासून होती, कोण जाणे. भाच्याने त्या रेघेवरून बोट फिरविले आणि म्हणाला, “आई रोज यात बसून शेतावर जाते.”

पुढचे चार दिवस उंचीचा विषय निघाला नाही. बॅटरी सोडविली. चालकाच्या आसनाखालची तेलाची टाकी उतरवून अंगणापलीकडे नेली, कारण वेल्डिंगची ठिणगी तिच्याजवळ चालत नाही. चासीच्या दोन्ही बाजूंच्या ठरीव भोकांपासून कर्णाची मापे घेतली. दोन सुतांचा फरक निघाला. “एवढे वयोमान,” म्हणून मिस्त्रींनी तो सोडून दिला. चिरेच्या टोकाला त्यांनी पाव इंचाचे भोक पाडले. फाटत जाणाऱ्या लोखंडाचे सगळे बळ त्या अणकुचीदार टोकात एकवटलेले असते. टोक गोल झाले की ते पसरते आणि चीर थांबते. मग चीर खणून, भरून, वरून पट्टी जडविली.

पट्टी जाड घालावी, असे मला वाटले होते. मिस्त्रींनी मान हलविली. चासी थोडी लवचिक असते, तशीच ती राहावी लागते. एक भाग फाजील ताठ केला, तर पुढची चीर पट्टीच्या कडेलाच पडते. म्हणून मूळ पत्र्याच्या जाडीचीच पट्टी घेतली, तिची टोके सरळ न कापता माशाच्या उघड्या तोंडासारखी कापली, आणि आडवा टाका कोठेही घातला नाही. वेल्डिंग इंच-दीड इंचाच्या तुकड्यांनी, एकदा या टोकाला, एकदा त्या टोकाला, उष्णतेने सांगाडा वाकू नये म्हणून. चासीच्या वरच्या-खालच्या कडांना नवे भोक पाडू दिले नाही. वाकताना ताण तेथेच सर्वांत अधिक असतो.

शॅकल मूळ मापाचे परत चढले. बुश आणि यू-बोल्ट नवे घातले, आणि शॅकलचे बोल्ट गाडी चाकांवर उभी करूनच आवळले. अधांतरी आवळले असते, तर रबर कायमचे पिळलेले राहिले असते. टायर तेवढे किंचित मोठे घेतले.

सरकारी नोकराला कायदा आठवतोच. मोटार वाहन अधिनियम, १९८८ च्या कलम ५२ चा अर्थ सांगताना सर्वोच्च न्यायालयाने जानेवारी २०१९ मध्ये, केरळातील एका प्रकरणात, असे स्पष्ट केले आहे की निर्मात्याच्या मूळ तपशिलाशी नोंदणीपुस्तक विसंगत ठरेल असा बदल मालकाला करता येत नाही. चिरेची डागडुजी ही दुरुस्ती. पाच इंचांची उंची ही दुरुस्ती नव्हे. भाच्याला मी हे सांगितले. त्याने ऐकून घेतले, एवढेच म्हणेन.

नव्या टायरांवर जीप परवा कणकुंबीकडे जाऊन आली. सुकाणू वळणानंतर आपोआप सरळ येते, हे त्याने मला मुद्दाम हात उचलून दाखविले, आणि मी त्याला मुद्दाम रागावलो. लांब शॅकलांची जोडी गोठ्याच्या खुंटीवर टांगलेली आहे. “असू देत, मामा,” म्हणाला. दर सहा महिन्यांनी त्या डाव्या कोपऱ्याला खडू लावून पाहायचे, असे आमचे ठरले आहे. त्यासाठी एक पुडा मी त्याच्या घरी ठेवून आलो.