इतिवृत्त मी लिहिलं होतं

गेल्या आठवड्यात पुतणीचा फोन आला. इंजिनिअरिंगला आहे, इथंच हुबळीत. "काका, वॉर्डातल्या पार्टीच्या मिटिंगला बोलावलंय. कॉलेजची पोरं पाहिजेत म्हणतायत. जाऊ का?" घरात सगळे नको म्हणत होते. मी म्हटलं, जा. पण ते एवढ्या सहज म्हटलं नाही. त्यामागं एक जुनी गोष्ट आहे, ती आज लिहून टाकतो.

1989 साल. मी 19 वर्षांचा, धारवाडला बी.ए.ला. रोज सकाळी हुबळीहून सिटी बस, उणकल, नवनगर करत कॉलेज. त्याच वर्षी मार्चमध्ये मतदानाचं वय 21 वरून 18 वर आलं आणि आमच्यासारख्या पोरांना अचानक भाव आला. कॉलेजातल्या थेट निवडणुका त्याच सुमारास कर्नाटकात बंद झाल्या, त्यामुळं राजकारणाची हौस असलेली पोरं गल्लीतल्या पार्टीकडं वळली. मीही वळलो. कुठली पार्टी ते सांगत नाही. तुम्हाला हवी ती घाला, गोष्ट बदलत नाही.

आमचं काम काय? जमखाना अंथरायचा, घरोघरी निरोप द्यायचा (मराठी घरात मराठीत, कन्नड घरात कन्नडमध्ये), गिरमिट-मिर्ची आणि चहा आणायचा. माझं कन्नड अक्षर चांगलं, म्हणून इतिवृत्ताची वही माझ्याकडं आली. केवढा अभिमान वाटला होता!

नोव्हेंबरच्या निवडणुकीआधी एका संध्याकाळी बैठक झाली. उमेदवार कोण हवा, वॉर्डाचं मत वर कळवायचं होतं. आमच्या भागातले एक मास्तर होते. नळाला पाणी आलं नाही की लोक त्यांच्या दारात जायचे आणि ते सायकल काढून ऑफिसात जाऊन भांडायचे. एका मावशींनी उठून त्यांचं नाव घेतलं. चार-पाच जण "बरोबर, बरोबर" म्हणाले. तेवढ्यात शहरातून आलेले पुढारी उभे राहिले, म्हणाले नाव ठरलंय, वरून आलंय. आणि मग, "कै एत्तरी!" हात वर करा.

वही माझ्याकडं, म्हणून मी मोजलं. हजर 43. वर हात 17. त्यात एक माझा. बाकीचे जमखान्याकडं बघत होते. पुढारी माझ्याकडं वळून म्हणाले, "बरी तम्मा, सर्वानुमते." लिही बाळा. आणि मी लिहिलं. सर्वानुमते.

कुणी धमकावलं नव्हतं हो. नुसती पाठीवर थाप मारली होती. मास्तर जाताना एवढंच म्हणाले, "अक्षर छान आहे तुझं." त्यानंतर मी त्या बैठकांना गेलो नाही. इतकी वर्षं सगळ्यांना सांगत आलो की राजकारण घाण म्हणून सोडलं. खरं कारण ती वही.

गंमत बघा. त्याच वर्षी 21 एप्रिलला आपल्या हुबळीचे एस. आर. बोम्मई यांचं सरकार बरखास्त झालं होतं. ते म्हणत होते, विधानसभेत बहुमत सिद्ध करायची संधी द्या. मिळाली नाही. 1994 ला सुप्रीम कोर्टानं सांगितलं की बहुमत आहे की नाही ते सभागृहातच ठरलं पाहिजे. आज देशात कुठंही सरकार डळमळलं की 'बोम्मई खटला' आठवतो. ज्या गावच्या माणसाच्या नावानं देश डोकी मोजायला शिकला, त्या गावच्या वॉर्डात आपण हातसुद्धा मोजत नाही. माझं म्हणणं एवढंच आहे.

अमेरिकेत आयोवा राज्यात पक्षाचे लोक शाळेच्या हॉलमध्ये जमून आपल्या पसंतीचा उमेदवार सांगतात. नोव्हेंबरपर्यंत 18 पूर्ण होणार असतील तर 17 वर्षांची पोरंही त्यात बसतात. तिथंही गोंधळ होतात. 2020 ला ॲपनं घोटाळा केला आणि निकाल लटकला. पण निदान मोजायचं असतं हे तरी सगळ्यांना मान्य होतं.

आपल्याकडं कुणी करून बघितलं नाही असंही नाही. 2014 ला काँग्रेसनं काही लोकसभा मतदारसंघांत कार्यकर्त्यांच्या मतदानानं उमेदवार ठरवले. कर्नाटकात बेंगळुरू उत्तर आणि दक्षिण कन्नड. दोन्ही जागा हरल्या, आणि लोक म्हणाले, बघा, चालत नाही. अहो, वरून आलेले उमेदवार काय कमी पडतात? ते पडले की कुणी म्हणत नाही की वरून नाव पाठवायची पद्धत बंद करा.

दुसरा आक्षेप खरा आहे. वॉर्डात मतदान ठेवलं की जात येणार, पैसा येणार, ऐनवेळी टेम्पो भरून सभासद येणार. येणारच. म्हणून सभासदांची यादी आधी बंद करा, आणि हात वर करायला लावू नका, चिठ्ठी टाकू द्या. त्या दिवशी चिठ्ठी असती तर माझी मास्तरांना गेली असती. त्या 17 मधल्या आणखी काहींचीही, मला खात्री आहे.

2021 च्या महापालिका निवडणुकीत आपल्याकडं 82 वॉर्ड होते. म्हणजे एकेका पार्टीच्या 82 बैठका. तिथं शिकलेली पोरं फक्त खुर्च्या मांडायला आणि रील काढायला नकोत. त्यांच्या हातात वही द्या.

पुतणीला सांगितलं, "जा. हात मोज आणि जेवढे असतील तेवढेच लिही. कुणी 'सर्वानुमते' म्हणालं तर विचार, किती?" ती म्हणाली, "काका, आणि त्यांनी वही काढून घेतली तर?"

घेऊ देत. मी स्वतः होऊन दिली होती.

तुमच्यापैकी त्या काळात हुबळी-धारवाडात अशा बैठकांना कोण कोण बसलं होतं? पार्टीचं नाव नको. किती हात वर होते, तेवढं सांगा.