जुना फोन देताना नेमके काय दिले जाते?

सणासुदीचे दिवस आले की दुकानांच्या दारांवर एकच फलक झळकू लागतो : जुना फोन आणा, नवा घेऊन जा. दिल्लीचे नेहरू प्लेस असो, चेन्नईची रिची स्ट्रीट असो वा मुंबईचे मनीष मार्केट, प्रसंग सारखाच असतो. ग्राहक सिमकार्ड काढून घेतो, दोनचार छायाचित्रे पुसतो आणि फोन विक्रेत्याच्या हाती देतो. विक्रेता काचेवरचे ओरखडे पाहतो, बॅटरी तपासतो आणि किंमत सांगतो. त्या यंत्राच्या आत काय शिल्लक राहिले आहे, हा प्रश्न बहुधा कोणीच विचारत नाही.

वस्तुतः तो प्रश्न किमतीच्या आधी विचारला जायला हवा. 2016 मध्ये यूपीआय आल्यानंतर भारतीय माणसाचा फोन त्याचे पाकीट झाला. डिजिलॉकरने त्याला कागदपत्रांची पेटी केले. बँकेचा ओटीपी त्यावरच येतो, डॉक्टरांची चिठ्ठी त्यातच असते. शिवाय ही माहिती केवळ मालकाची नसते. आईच्या रक्ततपासणीचा अहवाल, मेहुण्याने व्हॉट्सॲपवर पाठविलेली आधारकार्डाची प्रत, मैत्रिणीने विश्वासाने सांगितलेली घरातील अडचण, हे सारे त्यात साठलेले असते. फोन एकाचा असला तरी त्यातील गुपिते दहा जणांची असतात, आणि त्या दहा जणांना व्यवहाराची वार्ताही नसते.

या बाबतीत समाजात दोन टोकाच्या वृत्ती दिसतात. एक बेफिकिरीची. पूर्वी बोहारीण जुन्या कपड्यांवर भांडी देत असे. आता फेरीवाले बंद पडलेल्या फोनवर प्लॅस्टिकच्या बादल्या देतात. 2024 मध्ये तेलंगणातील रामगुंडम येथील पोलिसांनी अशाच प्रकारे गोळा केलेले सुमारे चार हजार जुने फोन जप्त केले. ते सायबर गुन्हेगारांच्या हाती जाणार होते, असे तपासात सांगण्यात आले. दुसरी वृत्ती भीतीची. कोणी काही काढून घेईल म्हणून फोन वर्षानुवर्षे कपाटाच्या खणात पडून राहतो. त्यातील तांबे आणि सोने वाया जाते, बॅटरी फुगते आणि एखाद्या गरजू विद्यार्थ्याच्या उपयोगी पडू शकणारे यंत्र निकामी होते. दोन्ही वृत्तींचे मूळ एकच आहे : फोनमधील माहिती नेमकी पुसली जाते कशी, याचे अज्ञान.

एखादे छायाचित्र पुसले की ते पडद्यावरून जाते, तेवढ्याने स्मृतीतून गेले असे नव्हे. सातबाऱ्यावरचे नाव कमी केले म्हणून शेतातले पीक नाहीसे होत नाही, तसेच हे आहे. पुसण्याच्या आज्ञेने फक्त नोंद जाते. ती जागा नव्या मजकुरासाठी मोकळी आहे, एवढेच यंत्राला कळते. फोनमध्ये वापरल्या जाणाऱ्या फ्लॅश स्मृतीची आणखी एक अडचण आहे. तिच्यात जुन्या मजकुरावर थेट नवा मजकूर लिहिता येत नाही. आधी एक संपूर्ण विभाग कोरा करावा लागतो, आणि प्रत्येक विभाग किती वेळा कोरा करता येईल याला मर्यादा असते. म्हणून आतील नियंत्रक नवा मजकूर सतत वेगवेगळ्या ठिकाणी लिहीत राहतो, जेणेकरून सर्व विभाग सारखेच झिजतील. परिणामी जुनी प्रत कोठेतरी मागे राहू शकते. मोठमोठे व्हिडिओ भरून फोन ‘धुऊन काढण्याची’ प्रचलित युक्ती म्हणूनच पूर्णपणे भरवशाची नाही.

ही शंका केवळ तात्त्विक नव्हती. 2015 मध्ये केंब्रिज विद्यापीठातील लॉरेंट सायमन आणि रॉस अँडरसन यांनी 21 जुने अँड्रॉइड फोन तपासले. फॅक्टरी रीसेट केल्यानंतरही त्यांतील अनेकांमधून संदेश, संपर्क आणि गुगल खात्यात शिरण्याच्या खुणा परत मिळविता आल्या. तपासलेल्या फोनांमध्ये अँड्रॉइडच्या 2.3 ते 4.3 या आवृत्त्या होत्या. पुढे वर्षानुवर्षे सांगितल्या गेलेल्या भीतीचा उगम बऱ्याच अंशी अशा निष्कर्षांत आहे.

मात्र त्यानंतर तंत्रज्ञान बदलले, आणि ही बाजू सांगितली जात नाही. आजचा फोन माहिती उघड स्वरूपात साठवीतच नाही. ती कूटबद्ध करून ठेवतो. अँड्रॉइड 10 सह बाजारात आलेल्या फोनांना हे बंधनकारक झाले, तर आयफोनमध्ये हार्डवेअरच्या पातळीवरील कूटबद्धीकरण 2009 पासून आहे. असा फोन रीसेट केला की ती कूटलिपी उलगडणारी किल्लीच नष्ट होते. मागे राहते ती निरर्थक अक्षरांची रास. अमेरिकेच्या राष्ट्रीय मानक संस्थेच्या, म्हणजे निस्टच्या, 2014 च्या मार्गदर्शिकेतही किल्ली नष्ट करण्याच्या या पद्धतीला मान्यता आहे. तेव्हा अलीकडच्या फोनाच्या बाबतीत योग्य रीतीने केलेला रीसेट सर्वसामान्य माणसाला पुरेसा आहे. हातोडा उचलण्याचे कारण नाही. लिथियमची बॅटरी ठेचली तर आग मात्र लागू शकते.

‘योग्य रीतीने’ या शब्दांतच खरी गोम आहे. आधी माहितीची प्रत नव्या फोनवर घ्यावी, आणि ओटीपी देणारे ऑथेंटिकेटर ॲप असल्यास तेही हलवावे. अन्यथा मालकच स्वतःच्या खात्याबाहेर अडकतो. छायाचित्रे एकेक करून पुसत बसू नये, कारण क्लाउडशी जोडणी चालू असेल तर तिकडचीही प्रत जाते. मेमरी कार्ड काढून घ्यावे. ते बहुधा कूटबद्ध नसते आणि विस्मरणाने तेच फोनबरोबर जाते. ई-सिम असेल तर तेही काढावे. मग गुगल वा ॲपल खात्यातून बाहेर पडावे, नाहीतर नव्या मालकाला फोन उघडताच येत नाही. शेवटी सेटिंगमधून रीसेट करावा, आणि नव्या फोनवरून खात्याच्या यादीतील जुन्या उपकरणाचे नाव वगळावे. साऱ्या कामाला तासाभराहून अधिक वेळ सहसा लागू नये.

परंतु हा तास प्रत्येकाला जमेल, असे गृहीत धरणे अन्यायाचे आहे. मुलाने सुरू करून दिलेला फोन वापरणाऱ्या वृद्धेला यातील एकही पायरी ठाऊक नसते. पडदा फुटलेल्या फोनवर बोट चालत नाही, तिथे रीसेट करणार कसा? अशा वेळी दुकानातून सहज सांगितले जाते : पासवर्ड चिठ्ठीवर लिहून ठेवा, आम्ही बघतो. लोक लिहून देतात. ज्या कूटबद्धीकरणाने माहितीचे रक्षण व्हायचे, त्याची किल्लीच या चिठ्ठीबरोबर परक्याच्या हाती जाते.

येथे व्यवस्थेची जबाबदारी सुरू होते. 24 ऑगस्ट 2017 रोजी सर्वोच्च न्यायालयाच्या नऊ न्यायमूर्तींच्या पीठाने गोपनीयता हा मूलभूत अधिकार असल्याचा निर्वाळा दिला. 2023 मध्ये डिजिटल वैयक्तिक माहिती संरक्षण कायदा झाला. काम संपल्यावर माहिती पुसून टाकण्याचे बंधन तो माहिती गोळा करणाऱ्या संस्थांवर घालतो. पण बदलीत आलेल्या फोनमध्ये पडून असलेल्या माहितीचे उत्तरदायित्व कोणाचे, हे सामान्य ग्राहकाला उमजेल इतके स्पष्ट नाही. दुसरीकडे, 1 एप्रिल 2023 पासून लागू झालेल्या ई-कचरा नियमांत पुनर्चक्रणाची प्रमाणपत्रे सोने, तांबे, लोह आणि ॲल्युमिनियम यांच्याशी जोडलेली आहेत. धातूंचा हिशेब ग्रॅममध्ये ठेवणाऱ्या व्यवस्थेने माहितीचाही हिशेब ठेवावा, ही अपेक्षा अवाजवी नव्हे.

त्यासाठी फार मोठी यंत्रणा लागणार नाही. बदलीत वा विकत फोन घेणाऱ्या प्रत्येक दुकानाने तो ग्राहकासमोर रीसेट करावा आणि पावतीवर आयएमईआय क्रमांकाशेजारी तशी नोंद करावी. बंद पडलेला फोन असेल तर त्यातील स्मृतीची चिप नोंदणीकृत पुनर्चक्रणकर्त्याकडे नष्ट झाल्याचा दाखला ग्राहकाला मिळावा. पासवर्ड लिहून घेण्याच्या प्रथेस सरळ मनाई असावी.

यात वेळ जातो आणि आधीच तुटपुंजा असलेला नफा आणखी घटतो, असे छोटे दुकानदार म्हणतील. त्यांचे म्हणणे अगदीच खोटे नाही. बंद फोनाच्या दाखल्याचा भार म्हणूनच उत्पादकांनी उचलावा. मात्र चालू फोन रीसेट करण्यास काही मिनिटेच लागतात, आणि तो पुन्हा विकायचा असेल तर ते काम दुकानाला तसेही करावे लागते. प्रश्न केवळ ते ग्राहकाच्या डोळ्यांदेखत व्हावे, एवढाच आहे. स्वयंपाकाच्या गॅसचे सिलिंडर घरी आले की ते तपासून घेण्याचा ग्राहकाला हक्क आहे. फोन देतानाही तसाच हक्क असायला हवा.

तोपर्यंत काळजी ज्याची त्यानेच घ्यायची आहे, आणि ज्याला हे जमते त्याने घरातील व शेजारातील ज्येष्ठांसाठीही ती घ्यावी. दिवाळीपूर्वी खण आवरताना तीनचार जुने फोन सापडतील. त्यांतील एखादा अजून चालू असेल. तो चार्ज करावा, आईला वा आजोबांना शेजारी बसवावे, हवे ते काढून घ्यावे आणि मगच तो नव्या हातांत जाऊ द्यावा.