गोष्ट, सबब आणि कुभांड

इंग्रजीच्या तासाला ‘मेक अप’, ‘कुक अप’ आणि ‘ट्रम्प अप’ या तिन्ही क्रियापदांसमोर आपण बहुधा ‘खोटे रचणे’ एवढाच अर्थ लिहितो. तो चुकीचा नाही, पण अपुरा आहे. मूल धाकट्या भावंडासाठी राजाराणीची गोष्ट ‘मेक अप’ करते, तेव्हा त्यात कसलीच लबाडी नसते; गृहपाठ न केलेला विद्यार्थी सबब ‘मेक अप’ करतो, तेव्हा असते. क्रियापद तेच आहे, दोष ठरतो तो कर्मावरून. ‘ट्रम्प अप’ला ही मोकळीक नाही. ते आरोप, खटला, पुरावा यांच्याच सोबतीने येते, तेही बहुतेकदा ‘ट्रम्प्ड-अप चार्जेस’ अशा विशेषणरूपात, आणि ते वापरणारा त्या आरोपांना खोटे ठरवूनच बोलत असतो. मराठीत यालाच आपण कुभांड म्हणतो. ‘कुक अप’बरोबर योजना आणि सबबी येतात, आपल्याकडेही कट शिजतोच. म्हणून ही क्रियापदे सुटी न शिकवता कर्मासह शिकवावीत, असे आमचे मत आहे.

यावर दोन आक्षेप येतात. पहिला परीक्षेचा: यादी पाठ असली की गुण मिळतात. पण यादीवर विसंबलेला विद्यार्थीच ‘शी मेड अप इट’ लिहितो, कारण ‘इट’ मध्ये घालायचे असते हे त्याला यादीतून कधी दिसलेलेच नसते. ‘शी मेड इट अप’ हे पूर्ण वाक्य कानावर पडले असते, तर ही चूक टळली असती. दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे: इंग्रजीच्या वर्गात मराठी कशाला? परंतु कुभांड, बनाव, थाप, सबब यांतला फरक मुलांना आधीच ठाऊक असतो. तो बाजूला ठेवून त्यांना कोरी पाटी समजणे हा वेळेचा अपव्यय आहे. क्रियापदाला शब्दयोगी जोडून अर्थ पालटण्याची ही रीत परकीयांना सर्वांत अवघड जाते, हे सॅम्युअल जॉन्सनने 1755च्या आपल्या कोशाच्या प्रस्तावनेतच नोंदवले होते. अडचण इतकी जुनी आणि मान्य असताना केवळ पाठांतरावर भिस्त ठेवू नये. शिक्षकांनी पुढच्या घटकचाचणीत अर्थ विचारण्याऐवजी तीन कर्मे द्यावीत आणि त्यांना साजेसे क्रियापद मुलांना निवडू द्यावे.