पाण्यात गेलेली गाडी आणि हातातला कागद

सप्टेंबर 2025 मध्ये परंडा-भूमला पुराने वेढले, तेव्हा माणसांसाठी हेलिकॉप्टर आले. दारातल्या गाड्या पाण्यातच राहिल्या. नंतर आपल्या मुलांकडून मी एकच प्रश्न ऐकला : गाडी वॉरंटीत आहे, मग कंपनी का करून देत नाही?

वॉरंटी कारखान्यातल्या दोषाची असते, पुराची नाही. शोरूमशी भांडून उपयोग नाही. भरपाई विम्यातून मिळते, तीही पॉलिसीत 'ओन डॅमेज' असेल तरच. सक्तीचा थर्ड पार्टी विमा समोरच्याचे नुकसान भरतो, आपले नाही. तरी पोलिसाला दाखवण्यापुरता तोच स्वस्तातला कागद घेतला जातो, याचा मला राग येतो. ज्याची गाडी हेच पोट आहे, त्याने तरी हा हिशेब करू नये.

भिजलेली गाडी 'बघू तरी' म्हणून स्टार्ट केली, की पाणी इंजिनात ओढले जाते, कनेक्टिंग रॉड वाकतो. मग विमा कंपनी म्हणते, हे पुराने नाही, तुमच्या चावीने झाले. इंजिन प्रोटेक्शन घेतलेले नसेल तर दावा तिथेच अडतो. म्हणून चावी लावू नका. फोटो काढा, कंपनीला कळवा, गाडी टो करून न्या.

दावा नाकारला तर कारण लेखी मागा. आधी कंपनीकडेच तक्रार करा. महिन्यात उत्तर आले नाही किंवा पटले नाही, तर पुण्याच्या विमा लोकपालाकडे अर्ज करा, वर्षाच्या आत. फी नाही, वकीलही लागत नाही.