सोन्याची आई ठाऊक, आबांची नाही

गेल्या शनिवारी आरामात उठून चहाचा कप हातात घेतला आणि दादाचा (चुलतभाऊ) फोन. "अरे, पुढच्या महिन्यात आबांचं दहावं पुण्यस्मरण. वंशावळ व्हॉट्सॲपवर टाकलीये. तू कॉम्प्युटरवाला ना, जरा झाडाच्या आकारात डिझाईन करून दे. फ्लेक्स करायचाय." इंजिनीअर झाल्यापासून आमच्या घरात मला याच कामांसाठी ओळखतात. प्रिंटर अडकला की मी, आधार लिंक होत नाही, मी. असो.

कागद उघडला. २०२३ साली कुणबी नोंदी शोधायला न्या. संदीप शिंदे समिती नेमली गेली, मोडीतली जुनी दप्तरं उघडली, तेव्हा गावोगाव वंशावळी काढायची लाट आली होती. त्या लाटेत आमचीही निघाली. माझ्या वरच्या सात पिढ्या, एकूण त्रेपन्न नावं. दोनदा मोजली. त्रेपन्नच्या त्रेपन्न पुरुष! माझा दीड वर्षाचा पुतण्या त्यात आहे. तीन आत्या नाहीत, बहीण नाही, आई नाही. आणि ज्यांच्या पुण्यस्मरणाला हे लावायचंय त्या आबांची आईसुद्धा नाही.

आता आबांबद्दल सांगायलाच हवं. आबा म्हणजे मोशीतला एक अवली माणूस. सकाळी शेत, दुपारी भोसरी एमआयडीसीत सेकंड शिफ्ट, आणि सुट्टीच्या दिवशी आम्हा पोरांचा धिंगाणा. तेव्हा लोडशेडिंग जोरात होतं. संध्याकाळी लाईट गेली की ओट्यावर कंदील आणि आबांचा खेळ सुरू. "तू कुणाचा?" मी बाबांचं नाव सांगायचो. "तो कुणाचा?" आबांचं. "तो कुणाचा?" असं करत करत सात नावं घ्यायची आणि आठव्याला सगळ्यांनी मिळून ओरडायचं, "मारुतीचा!" मग माकडउड्या. जो मध्येच अडकेल त्याच्या गळ्यात आबांचा टॉवेल पडणार आणि त्याला बैल होऊन अंगणात बारी पळावी लागणार. आबा स्वतः घाटातल्यासारखी कॉमेंट्री करायचे, "झाली झाली झाली... भिर्रर्र!" मी मुद्दाम चुकायचो. बारी पळण्यात जी मजा होती ती पाठांतरात कुठून येणार?

बैलगाडा हे आबांचं वेड. २०१४ ला कोर्टाची बंदी आली तेव्हा ते दोन दिवस नीट जेवले नव्हते. २०२१ च्या डिसेंबरात शर्यती परत सुरू झाल्या, पण आबा २०१६ लाच गेले होते. गोठ्यातला शेवटचा खिलार, सोन्या. त्याची वंशावळ आबांना तोंडपाठ. सोन्या कुणाचा? कपिलेचा. कपिला कुणाची? मंचरच्या बाजारातून आणलेल्या चंद्रीची. चंद्रीची आई कशी होती, पाठ कशी, शिंगं कशी, सगळं. बैल घ्यायला कुणी आलं की पहिला प्रश्न, "गाय कोणती?"

म्हणजे बघा. बैलाची आई विचारतात. माणसाची विचारत नाहीत. शनिवारी मी अख्ख्या घराला विचारलं, आबांच्या आईचं नाव काय? बाबा म्हणाले, "आम्ही बाय म्हणायचो." काका म्हणाले, "बायच." कपिला आणि चंद्री सगळ्यांना आठवत होत्या.

दादाला फोन करून म्हटलं, बायकांची नावं घालू. दादा म्हणाला, "जागा पुरणार नाही रे." ज्या फ्लेक्सवर भावी नगरसेवकाचा चेहरा गणपतीएवढा असतो, त्यावर जागा पुरत नाही? मग दुसरा मुद्दा आला, "पोरी त्यांच्या सासरच्या वंशावळीत असतात." हे मला पटण्यासारखं वाटलं, म्हणून मोठ्या आत्याच्या मुलाकडून त्यांच्या घरची वंशावळ मागवली. त्यात आत्या नाही. जन्म दिला ते घर म्हणतं ती तिकडची, नांदायला गेली ते घर काहीच म्हणत नाही. तिसरा मुद्दा नेहमीचाच, "पहिल्यापासून असंच आहे." पहिल्यापासून म्हणजे कधीपासून? आमच्या दारावरून जो पुणे-नाशिक हायवे जातो, त्यानेच सरळ नाशिकला जा. पांडवलेण्यात गौतमी बलश्रीचा शिलालेख आहे. तिचा मुलगा गौतमीपुत्र सातकर्णी, त्याचा वारस वासिष्ठीपुत्र पुळुमावी. महाराष्ट्रावर राज्य केलेली माणसं आईचं नाव लावून फिरत होती. (तेव्हा काय सगळं आलबेल होतं असं नाही म्हणत. पण 'पहिल्यापासून' हा शब्द जरा जपून वापरा.) आणि इकडे १ मे २०२४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात सरकारनेच वडिलांच्या आधी आईचं नाव घातलंय. म्हणजे पुढेमागे सगळीकडे आई आहे, आमचा फ्लेक्स मध्येच अडकलाय.

थोडं गणित. मला दोन आईबाप, चार आजीआजोबा, आठ पणजीपणजोबा. सात पिढ्या वर गेलो तर बेरीज होते २५४. (आपल्याकडे मामाची मुलगी करतात, त्यामुळे काही नावं दोनदा येतील, ते सोडा.) या २५४ पैकी आमच्या कागदावर सात. कॉम्प्युटरवाल्यांना कळेल, याला ट्री म्हणत नाहीत, ही लिंक्ड लिस्ट आहे. दादाला झाडाचा आकार हवाय आणि डेटा खांबाचा दिलाय.

खरं कारण वेगळंच आहे आणि ते सगळ्यांना माहितीये. वंशावळ म्हणजे जमिनीचा कागद. जमीन ज्याची, नाव त्याचं. १९९४ साली महाराष्ट्राने मुलींना वडिलोपार्जित मिळकतीत हक्क दिला, पण आमच्या आत्यांची लग्नं त्याआधी झालेली, म्हणून त्या त्यात बसल्या नाहीत. मग सप्टेंबर २००५ मध्ये केंद्राचा कायदा आला आणि लग्न झालेल्या मुलीही आल्या. मोशी १९९७ लाच महापालिकेत गेली होती, भाव चढत होते. २००७ साली आमच्याकडे तिन्ही आत्या एकाच दिवशी आल्या. मी दहा वर्षांचा. पुरणपोळी होती, म्हणून मला तो सण वाटला. जेवणं झाल्यावर सगळे जीपमधून कुठेतरी गेले आणि संध्याकाळी आत्या नवीन साड्या घेऊन परत आल्या.

ते हक्कसोडपत्र होतं. धाकट्या आत्याने मला मागच्या वर्षी सांगितलं. ऑफिसात ती जरा घुटमळली तेव्हा आबांनी हळूच विचारलं, "तू कुणाची?" ती हसली. "आबांची." आणि सही केली.

हे ऐकल्यापासून मला तो खेळ आठवला की नीट हसता येत नाही. आबांवर माझं प्रेम कमी झालंय का? नाही. टॉवेलचा वाससुद्धा आठवतो अजून. पण ज्या जमिनीच्या पैशावर माझं इंजिनीअरिंग झालं, त्यात त्या तीन सह्या आहेत. धाकटी आत्या आज चाकणला भाड्याच्या घरात राहते. तिला तिचा हिस्सा परत द्या असं मी घरात म्हटलं तर काय होईल ते मला माहितीये, आणि ते मी अजून म्हटलेलं नाही, हेही इथे कबूल करतो. निदान कागदावरून तरी तिला दुसऱ्यांदा काढायला मी हात लावणार नाही.

रविवारी धाकट्या आत्याला फोन केला. आबांच्या आईचं नाव तिला माहीत होतं, माहेरचं गावही. शिवाय आजीच्या आईचं, चुलत आज्यांचं, लहानपणी गेलेल्या एका आत्याचंसुद्धा. दीड तास मी नुसता टाईप करत होतो. (नावं इथे देत नाही, घरच्यांना न विचारता चारचौघांत नको.) आता फाईलमध्ये ११७ नावं झालीत. फोन ठेवताना आत्या म्हणाली, "चंद्रीला पण घाल रे, आबांना बरं वाटेल."

फाईल दादाला पाठवली. दोन निळ्या टिका आल्यात. उत्तर अजून नाही.