दमानं घ्या, बॉस!

पावसाळा सुरू झाला की ऑफिसात दर सोमवारी दोन प्रकारची माणसं दिसतात. एक, जिना उतरताना कठडा धरून 'आई गं' म्हणणारी. आणि दुसरी, पहिल्यांचे फोटो बघून पुढच्या शनिवारचा प्लॅन करणारी! लोहगड, राजगड, कळसूबाई... नावं बदलतात, स्टोरी तीच. गाडीतून उतरल्या उतरल्या 'जय भवानी, जय शिवाजी', पहिली वीस मिनिटं शर्यत लागल्यासारखी चढाई, आणि मग कुठल्याशा दगडावर बसकण मारून लाखमोलाचा प्रश्न, "अजून किती राहिलंय?"

दम लागला म्हणजेच व्यायाम झाला, असं आपल्या डोक्यात पक्कं बसलंय. घाम, धाप, लालबुंद चेहरा... जितकं जास्त तितकं भारी! पण डोंगर चढण्यात ज्यांचं आयुष्य गेलंय ती मंडळी बरोब्बर उलटं सांगतात. चढावर फास्ट व्हायचंय? मग आधी स्लो व्हा. किती स्लो, ते तुमचं हृदय सांगेल.

दुसऱ्या नंबरचा झोन

फंडा सोपा आहे. तुमच्या हृदयाचे मिनिटाला जास्तीत जास्त जेवढे ठोके पडू शकतात, त्याचे पाच झोन करायचे. ५० ते ६० टक्के म्हणजे पहिला, रमतगमत चालण्याचा. ६० ते ७० दुसरा. ७० ते ८० तिसरा, ८० ते ९० चौथा. आणि त्याच्या वरचा पाचवा, सुटलेली लोकल पकडताना असतो तो!

खरी मजा दुसऱ्या झोनमध्ये आहे. या वेगात स्नायूंना हवा तेवढा ऑक्सिजन मिळतो आणि इंधन म्हणून चरबी मोठ्या प्रमाणावर वापरली जाते. जोर वाढवलात की शरीर साठवलेल्या साखरेवर, म्हणजे ग्लायकोजेनवर, जास्त जास्त अवलंबून राहतं. चरबीचा साठा अगदी सडपातळ माणसाकडेही भरपूर असतो. ग्लायकोजेनचं मात्र तसं नाही, जोरात चढलात तर ते दोनेक तासांत संपत येतं. माथा समोर दिसत असताना पाय अचानक शिशाचे होतात ना, त्यामागे बऱ्याचदा हेच कारण असतं.

महिनोन् महिने दुसऱ्या झोनमध्ये सराव केला की स्नायूंमधल्या केशवाहिन्या वाढतात, पेशींमधली ऊर्जाकेंद्रं वाढतात, हृदय एका ठोक्यात जास्त रक्त ढकलायला लागतं. म्हणजे चढ तोच, वेग तोच, ठोके कमी.

हे फक्त आपल्यासारख्या वीकेंडवाल्यांसाठी नाही बरं का. स्की माउंटेनियरिंग नावाचा खेळ बघा. स्कीच्या तळाला न घसरणाऱ्या पट्ट्या चिकटवायच्या, बर्फाचा डोंगर स्वतःच्या पायांनी चढायचा आणि मग पट्ट्या काढून खाली सुसाट यायचं. २०२६ च्या मिलानो-कोर्टिना हिवाळी ऑलिंपिकमध्ये या खेळाला पहिल्यांदा जागा मिळाली. त्यातला दादा माणूस किलियन जॉर्नेट. स्टीव्ह हाऊस आणि स्कॉट जॉन्स्टन यांच्याबरोबर त्यानं २०१९ मध्ये 'ट्रेनिंग फॉर द अपहिल अ‍ॅथलीट' हे पुस्तक लिहिलं. त्यातही भर कशावर? आधी हळू, भरपूर वेळ, पाया पक्का. मग जोर.

'मी पोचले की तुम्ही उठता!'

माझी एक मैत्रीण आहे. बँकेत नोकरी, वय ३१. तिच्या ऑफिसच्या ग्रुपबरोबर तीन ट्रेक केले आणि मग बंदच केलं. का, विचारलं तर म्हणाली, "सगळे वर जाऊन बसतात. मी धापा टाकत पोचले की ते उठतात, 'चला, निघू या!' सगळ्यात जास्त दमते मी आणि बसायला सगळ्यात कमी मिळतं मलाच. माझ्यात स्टॅमिनाच नाहीये."

मला ते वाक्य फार लागलं. स्टॅमिना कुणी जन्माला येताना घेऊन येत नाही. दुसऱ्याच्या झोनमध्ये चालायला लावलं तर कुणीही शेवटीच येणार!

मग आम्ही तिचा हिशेब मांडला. '२२० वजा वय' हे सूत्र सगळ्यांना पाठ असतं. त्यानं तिचे कमाल ठोके येतात १८९. २००१ मधलं नवं सूत्र आहे, २०८ वजा वयाच्या ०.७ पट. त्यानं आले १८६. त्याचे ६० ते ७० टक्के म्हणजे ११२ ते १३०. पण १९५७ पासूनची फिनलंडच्या कार्व्होनेन यांची पद्धत विश्रांतीचे ठोकेही धरते. तिचे सकाळी उठल्यावरचे ठोके ७६. १८६ मधून ७६ गेले, उरले ११०. त्याचे ६० ते ७० टक्के, अधिक ७६. उत्तर १४२ ते १५३! एकच बाई, एकच हृदय आणि दुसऱ्या झोनचे दोन पत्ते.

मग खरं कुठलं? इथं घड्याळ बाजूला ठेवायचं आणि बोलायचं. एक अख्खं लांबलचक वाक्य न अडखळता बोलता आलं तर तुम्ही झोनमध्ये. तीन-चार शब्दांवर श्वास घ्यावा लागला तर बाहेर. तिची ही हद्द निघाली १३८ च्या आसपास. जिममध्ये ट्रेडमिलला दहा टक्के चढ लावून ताशी चार किलोमीटरनं चालली की पाच मिनिटांत आकडा १५० पार! म्हणून चढ निम्मा केला. शेजारचे साठीचे काका तिच्यापेक्षा जोरात चालायचे, ते सहन केलं. आठवड्यातून चार दिवस, पाऊण तास. चार महिन्यांनी त्याच दहा टक्क्यांवर, त्याच वेगाला आकडा होता १३६.

मग गेलो कळसूबाईला. १६४६ मीटर, महाराष्ट्राचं सगळ्यात उंच शिखर. लोखंडी शिड्यांवर सगळ्यांचेच ठोके वाढतात, तिचेही वाढले. पण बाकी पूर्ण चढ ती तिच्या मॅनेजरबद्दल बोलत होती. अख्ख्या वाक्यांत!

करून बघायचंय?

- एक तास एकाच वेगानं ट्रेडमिलवर चाला. दुसऱ्या अर्ध्या तासातले सरासरी ठोके पहिल्यापेक्षा ५ टक्क्यांहून जास्त वाढले (समजा १३५ चे १४३), तर सुरुवातच जोरात झाली. पुढच्या वेळी वेग कमी करा.
- पाचातले चार दिवस सोपे, एक दिवस जोराचा. पर्वतीच्या पायऱ्या, एखादी टेकडी किंवा ऑफिसचा जिना, काहीही चालेल.
- ऑक्टोबरच्या उन्हात, कमी झोपेनंतर, पाणी कमी प्यायल्यावर तोच वेग जास्त ठोके मागतो. त्या दिवशी आकडा पाळा, वेग नको.
- मनगटावरचं घड्याळ सैल असेल किंवा काठी घट्ट धरली असेल तर आकडा चुकू शकतो. छातीचा पट्टा जास्त भरवशाचा.
- ठोके कमी करणारी गोळी चालू असेल तर ही सूत्रं विसरा, डॉक्टरांना विचारा. घरात हृदयविकार असेल तरी आधी तपासणी. छातीत दुखलं, चक्कर आली तर जागीच थांबा. 'थोडंच राहिलंय' वगैरे अजिबात नाही.

आणि ग्रुप लीडर मंडळी, तुमच्यासाठी एकच नियम. ज्याचा वेग सगळ्यात कमी, तो सगळ्यात पुढे. आणि शेवटचा माणूस पोचला की तिथून पुढे दहा मिनिटं घड्याळ लावून बसायचं. सगळ्यांनी. गड साडेतीनशे वर्षं तिथंच आहे हो, तुम्ही अर्धा तास उशिरा पोचलात म्हणून तो काही लेटमार्क लावणार नाही!